परतीचं तिकीट कोणाचं?

काही वर्षांपूर्वी आखातातल्या एका शहरातल्या मराठी मंडळाने मला कवितावाचनासाठी बोलावलं. तोवर कवितेने मला एस.टी.च्या पुढे कधी नेलं नव्हतं. मंडळाने जाण्यायेण्याचं विमानाचं तिकीट पाठवलं, व्हिसा काढून दिला, हॉटेलात खोली घेतली आणि पोहोचल्या दिवशी हातात एक पाकीट ठेवलं. 'सर, हा तुमचा रोजचा भत्ता.' मला संकोच वाटला. तीन दिवसांत पाच-सात कविता वाचायच्या, आणि त्याचा भत्ता!

मला विमानतळावरून घ्यायला आलेला ड्रायव्हर खेड तालुक्यातला निघाला. आधी गाव विचारून झालं, मग मोहल्ला, मग माणसं. दहा मिनिटांत ओळख लागली आणि मी 'सर'चा 'चाचा' झालो. मग त्याने विचारलं, "चाचा, तिकीट कोणी दिलान तुम्हाला?"

"मंडळाने."

"परतीचा पण?"

"परतीचंही."

"मग बरा हाय," तो म्हणाला आणि गप्प झाला.

त्याची हकिगत हळूहळू कळली. त्याच्या करारात 'तिकीट कंपनीचं' असं छापलेलं होतं. तरी मुंबईतल्या एजंटाने तिकिटाचे पैसे त्याच्याकडून घेतले. ते बायकोच्या बांगड्या मोडून दिले. दोन वर्षांनी घरी जायची वेळ आली तेव्हा तिकीट कंपनीने काढलं खरं, पण पुढे आठ महिने पगारातून कापून घेतलं. आता पुन्हा दोन वर्षं होत आली होती आणि या खेपेला त्याने घरी जायचा विषयच काढला नव्हता.

त्या रात्री मी कविता वाचल्या, टाळ्या झाल्या. पण डोक्यात त्याचा प्रश्न राहिला. कामासाठी माणूस समुद्रापार जातो तेव्हा जाण्याचा खर्च कोणाचा, तिथल्या खाण्याराहण्याचा कोणाचा आणि परत येण्याचा कोणाचा? आमच्या घरात हा प्रश्न तीन पिढ्यांचा आहे. आजोबा आगबोटीवर खलाशी होते, धाकटा भाऊ आखातात गेला, आणि मी हा असा पाकीट घेऊन आलेला. परत आल्यावर मी या प्रश्नाचा माग काढत गेलो. जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात त्या 'भत्ता' शब्दापासूनच करू. कंपनी सरकारच्या काळात तो फौजेचा शब्द होता. छावणी सोडून मुलुखाबाहेर कामगिरीवर गेलेल्या शिपायाला पगारावर भत्ता मिळे. इंग्रजांनी हा शब्द 'बत्ता' म्हणून आपल्या भाषेत घेतला. आणि या खर्चापायी माणसं मेलीदेखील. १८२४ साली कंपनीने ब्रह्मदेशाशी युद्ध काढलं. कलकत्त्याजवळ बराकपूरला सत्तेचाळिसाव्या पलटणीला कूच करायचा हुकूम आला. शिपायांची तक्रार साधी होती. आमचं सामान वाहायला बैल मिळत नाहीत, मिळतात ते दामदुपटीने, आणि त्याचा खर्च आमच्या पगारातून का? खर्चाची सोय होईपर्यंत निघत नाही, असं ते म्हणाले. २ नोव्हेंबर १८२४ रोजी सरसेनापती एडवर्ड पॅजेटच्या हुकुमाने त्यांच्यावर तोफा डागण्यात आल्या. पुढाऱ्यांना नंतर फाशी झाली.

वीस वर्षांनी दुसरा नमुना पाहायला मिळाला. सिंध परमुलूख होता तोवर तिथे जाणाऱ्या शिपायाला जादा भत्ता मिळे. १८४३ साली कंपनीने सिंध जिंकून आपल्या राज्याला जोडला. मग हिशेबनिसांनी सांगितलं, सिंध आता आपलाच, तेव्हा परमुलखाचा भत्ता बंद. अंतर तेच, ऊन तेच, ताप तोच. फक्त कागदावर परदेशाचा स्वदेश झाला आणि पैसे वाचले. काही पलटणींनी जायला नकार दिला. १८४४ मध्ये त्यांतली एक मोडून टाकण्यात आली. आजही एखादा साहेब 'हा प्रवास नियमात बसत नाही' असं म्हणतो, तेव्हा मला सिंधचा तो हिशेब आठवतो.

शिपायांनंतर येतात ते दर्यावरचे. आमच्या कोकणातल्या मुसलमानांचा हा जुना पेशा. इंग्रज यांना 'लास्कर' म्हणत. हा शब्द आपल्या 'लश्कर'वरूनच गेलेला. मोठ्या ब्रिटिश आगबोटींवर कामांची वाटणी ठरलेली असे. डेकवर बहुधा कोकणी मुसलमान आणि गुजरातचे खलाशी, खाली इंजिनाच्या भट्टीवर पंजाब-काश्मीरकडचे आणि पठाण, तर जेवणघरात आणि केबिनीत गोव्याचे ख्रिस्ती. डेकवरच्या लोकांचा प्रमुख सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल. आमच्याकडे अजून ही नावं घरांना चिकटून आहेत.

ही माणसं माल घेऊन लंडनला पोहोचत. तिथे माल उतरला की मालकाचं काम संपलं. परतीचं जहाज महिना-महिना सुटत नसे. तोवर या माणसांनी खायचं काय, राहायचं कुठे? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या गोदीकाठी हिंदी खलाशी थंडीत कुडकुडत भीक मागताना दिसू लागले. कुणी थंडीने, कुणी रोगाने मेले. बभ्रा झाला तेव्हा कायदे आले. १८१४च्या कायद्याने या खलाशांना परतेपर्यंत अन्न, वस्त्र आणि निवारा देण्याची जबाबदारी ईस्ट इंडिया कंपनीवर टाकली. १८२३ साली आणखी एक कायदा झाला आणि त्यांना परत पोहोचवणं जहाजमालकांना बंधनकारक ठरलं. १८५७ साली लंडनच्या लाइमहाउस भागात अशा परदेशी खलाशांसाठी एक आश्रयगृहही उघडलं.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. दोनशे वर्षांपूर्वी परतीचं तिकीट कायद्यात आलं म्हणायचं! पण पुढे वाचत गेलो तशी दुसरी बाजू दिसली. हाच १८२३चा कायदा जहाजांच्या नोकरभरतीपुरता हिंदी खलाशांना ब्रिटिश प्रजाजनांत मोजायला तयार नव्हता. परत पोहोचवण्याची सक्ती फक्त मालकावर नव्हती, खलाशावरही होती. त्याचा करार हिंदुस्थानच्या बंदरात सुरू व्हायचा आणि हिंदुस्थानच्या बंदरातच संपायचा. लंडनमध्ये उतरून, तिथल्या दराने दुसऱ्या बोटीवर नाव नोंदवावं, ही मुभा त्याला नव्हती. त्याचा पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असे, आणि तो तेवढाच राहावा यासाठी त्याला परत आणणं भाग होतं. परतीचं तिकीट होतं खरं, पण ते मालकाच्या खिशात.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली इथे आहे. परतीचा खर्च कोणी केला, एवढं विचारून भागत नाही. परत कधी जायचं हे कोण ठरवणार, हेही विचारावं लागतं.

बायकांचं याहून निराळं नव्हतं. इंग्रज कुटुंबं मायदेशी जाताना वाटेत मुलं सांभाळायला आया बरोबर नेत. लंडनला पोहोचलं की कित्येकींचं काम तिथेच संपे. काहींना कुटुंबाने परतीची सोय करून दिलेली असे, काहींना नुसतंच रस्त्यावर सोडलेलं असे. अशा आयांसाठी लंडनमध्ये एक घर चालवलं जाई. आयेकडे परतीचं तिकीट असेल तर ते घराच्या व्यवस्थापिकेकडे जमा होई, आणि हिंदुस्थानकडे निघालेल्या एखाद्या कुटुंबाला ती आया आणि ते तिकीट बरोबरच दिलं जाई. म्हणजे परतीच्या वाटेवरही तिने मूल सांभाळायचंच. १९०० सालापासून हे घर हॅकनी भागात होतं. २०२२ साली त्या वास्तूवर स्मरणाची निळी पाटी लागली. त्या आयांपैकी फार थोड्यांची नावं आज आपल्याला ठाऊक आहेत.

आता गिरमिटियांकडे येऊ. मराठीत गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडायचं हत्यार. पण मॉरिशस, फिजी, नाताळला गेलेल्या मजुरांच्या तोंडी 'अॅग्रीमेंट'चं गिरमिट झालं. कवी म्हणून मला हा अपभ्रंश फार अचूक वाटतो. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' नावाच्या जहाजाने छत्तीस मजूर मॉरिशसला पोहोचले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये पगार आणि शिधा. पुढे मुंबई बंदरातूनही मजूर गेले. त्यांत कोकणातले होते, घाटावरचे होते. मॉरिशसमधल्या मराठी माणसांनी आपली जाखडी 'झाकरी' म्हणून अजून टिकवली आहे. तिचे पाय ज्या लयीत पडतात, ती लय रत्नागिरीची आहे.

या मजुरांच्या करारात परतीचा प्रवास होता. १८३७च्या कायद्याने तसं बंधन घातलं होतं. गैरप्रकार उघडकीला आले म्हणून १८३९ मध्ये ही मजूरभरती बंद झाली, आणि १८४२ मध्ये मॉरिशससाठी पुन्हा खुली झाली तेव्हाही अट होती की पाच वर्षांनंतर मजूर मागेल तेव्हा त्याला परत पोहोचवायचं. पण मळेवाल्यांना हा खर्च सलत होता. माणूस परत गेला तर त्याचं भाडं भरा आणि वर नवा माणूस आणायचं भाडंही भरा! १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला मॉरिशसमध्ये फुकट परतीचा हा हक्क काढून घेतला गेला. त्या बेटावर एकूण सुमारे साडेचार लाख मजूर गेले, त्यांतले सुमारे एकतृतीयांश परत आले. काहींनी तिथे राहणं स्वतः पसंत केलं, हे खरं. पण भाडं नाही म्हणून जे राहिले, त्यांची पसंती कोणी विचारली होती?

फिजीत युक्ती आणखी बारीक होती. करार पाच वर्षांचा. पाच वर्षांनी परत जायचं तर स्वखर्चाने, फुकट जायचं असेल तर एकंदर दहा वर्षं काढा. नाताळमध्ये उलटीच तऱ्हा. तिथे गोऱ्यांना मजूर हवे होते, पण शेजारी नको होते. १८९५च्या कायद्याने असं ठरलं की करार संपल्यावर नवा करारही केला नाही आणि परतही गेला नाही, तर माणसाने दर वर्षी तीन पौंड कर भरायचा. एका मालकाला माणूस परत जायला नको, दुसऱ्याला तो राहायला नको. सोय प्रत्येक ठिकाणी मालकाची. या करावरूनच १९१३ साली गांधीजींच्या सत्याग्रहात हजारो मजूर उतरले आणि १९१४ मध्ये तो रद्द झाला.

या कामात आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माणसाचा मोठा वाटा आहे, आणि आपण तो विसरतो. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले. १९१० साली त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात नाताळला मजूर पाठवणं थांबवण्याचा ठराव मांडला आणि तो मान्य झाला. मार्च १९१२ मध्ये ही मजूरपद्धत सगळीकडेच बंद करा, असा ठराव त्यांनी आणला. सरकारी मतांनी तो पडला. पण विषय पडला नाही. १९१७ साली भरती थांबली. ते पाहायला गोखले राहिले नव्हते.

आता आमच्या घरात येतो. माझे आजोबा तिसऱ्या-चौथ्या दशकात मुंबईहून आगबोटीवर चढत. त्यांना जायचं भाडं पडत नसे, कारण बोटच त्यांचं काम होती. परतही बोटच आणत असे. मग खर्च कुठे होता? खर्च बोटीवर चढण्याआधी होता. नाव लागावं म्हणून सारंगाला द्यावं लागे, दलालाला द्यावं लागे, आणि नाव लागेपर्यंत मुंबईत गावाच्या खोलीत उधारीवर राहावं लागे. खोलीचं भाडं, खानावळीचं बिल, सावकाराचं व्याज. पहिल्या सफरीचा अर्धा पगार या देण्यांतच जाई, असं आजी सांगायची. ती म्हणायची, "बोट कंपनीची, पण शिडी आपल्या पैशांची."

हा प्रकार सरकारला ठाऊक नव्हता असं नाही. १९१९ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटना स्थापन झाली. तिच्या पहिल्याच परिषदेला हिंदी कामगारांच्या वतीने ना. म. जोशी गेले होते. १९२० साली इटलीत जेनोआला खास खलाशांसाठी परिषद भरली. तिथे ठरलं की खलाशाला काम मिळवून देण्याचे पैसे कोणीही नफ्यासाठी घेऊ नयेत. आणखी एक ठरलं. त्या काळी जहाज बुडालं की खलाशाचा पगारही त्या क्षणी बुडत असे. तो पाण्यात पोहत असला तरी नोकरीत नसे! जेनोआत ठरलं की जहाज बुडाल्यावर खलाशाला दोन महिन्यांपर्यंतचा पगार भरपाई म्हणून मिळावा. मग १९२६ सालच्या कराराने परतीचा हक्क स्पष्ट लिहिला. परतीच्या खर्चात नुसतं भाडं नाही, तर वाटेतलं जेवण, राहणं आणि निघेपर्यंतचा निर्वाहही धरायचा. शंभर वर्षांपूर्वीचं हे कलम. आज एखाद्या कंपनीच्या प्रवासखर्चाच्या नियमांशी ताडून पाहा, फारसा फरक दिसणार नाही.

पण परिषदेतला कागद बंदरावर पोहोचायला वेळ लागतो. १९३१ साली व्हिटली आयोगाचा अहवाल आला. ना. म. जोशी त्याही आयोगावर होते. तेव्हाही भरतीतली लाचलुचपत चालूच होती. १९३९च्या सप्टेंबरात दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि पाणबुड्यांनी भरलेल्या समुद्रात जायला गोऱ्या खलाशांना जादा पैसे मिळू लागले. हिंदी खलाशांनी विचारलं, पाणतीर काय रंग पाहून येतो? लंडनपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत अनेक बंदरांत त्यांनी काम बंद केलं. अनेकांना करार मोडल्याबद्दल तुरुंगात टाकलं. पण अखेर पगार वाढवावे लागले. जहाजं हवी होती आणि ती हाकणारी माणसं हीच होती.

आजोबांचे थोरले भाऊ त्या युद्धात परत आले नाहीत. ज्यांची कबर समुद्रच, अशा हिंदी खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरला, इंडियन सेलर्स होममध्ये आहे. मी एकदा तिथे जाऊन फातिहा पढून आलो. बाहेर हातगाड्यांची, हमालांची नेहमीची गर्दी होती. त्या गर्दीत कुणाला विचारलं असतं, तर आत काय आहे हे क्वचितच कोणी सांगितलं असतं.

१९७०च्या दशकात तेलाचे भाव चढले आणि कोकणाचं तोंड आखाताकडे वळलं. इतकी माणसं निघाली की १९२२चा जुना कायदा अपुरा पडला आणि १९८३ साली नवा उत्प्रवासन कायदा आला. परदेशी माणसं पाठवणाऱ्या एजंटाने सरकारी नोंदणी करायची, अनामत ठेवायची, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पैसे घ्यायचे नाहीत. करारात पगार, कामाच्या अटी, राहण्याची सोय, औषधपाणी लिहिलेलं हवं. आणि कामगार तिथेच वारला तर मृतदेहाचं काय, हेही लिहिलेलं हवं. हे शेवटचं कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वही मिटून ठेवली. ज्याने ते घातलं त्याला आमच्या गावांची माहिती असणार.

या कायद्याने पासपोर्टांचेही दोन प्रकार केले. तेव्हा पदवीधराला सरकारी तपासणीची गरज नव्हती, कमी शिकलेल्याला होती. मी बी.ए. होतो, म्हणून माझ्या पासपोर्टावर सुटकेचा शिक्का. धाकटा भाऊ नववीतून सुटलेला, म्हणून त्याला संरक्षणाची गरज. प्रत्यक्षात झालं असं, की ज्याला संरक्षण हवं होतं त्याच्याकडूनच ते मिळवून देण्याचे पैसे एजंटाने घेतले. १९९३ साली तो गेला तेव्हा वडिलांनी चार कलमं असलेला आंब्याचा तुकडा विकला. भाऊ तिथे पोहोचल्यावर त्याला कळलं की कंपनीने तिकीट मुंबईच्या एजंटाकडे आधीच पाठवलेलं होतं. जे फुकट आलं होतं, तेच एजंटाने आम्हाला विकलं होतं. पावती मागायला आम्ही गेलो तेव्हा त्या जागी झेरॉक्सचं दुकान झालं होतं. नोंदणी आहे का, हे आधी विचारायचं मला सुचलं नाही. बी.ए. मीच होतो. भाऊ मला कधी बोलला नाही, वडीलही नाही. पण दर मे महिन्यात त्या कलमांवरून जाताना मी मान दुसरीकडे वळवतो.

सरकारने कधी परतीचं तिकीट दिलं का? दिलं. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना अम्मानहून विमानांनी मुंबईला आणलं. दोन महिने विमानं येत होती. आमच्या पंचक्रोशीतली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी उतरली, पण भाडं कोणाला पडलं नाही. मे २०२०मध्ये करोनाच्या काळात 'वंदे भारत' मोहिमेची विमानं सुटली, तेव्हा मात्र तिकीट ज्याचं त्याने काढायचं होतं. अगदीच निराधारांसाठी २००९ साली सुरू झालेल्या भारतीय समाज कल्याण निधीतून दूतावास मदत करत होते. पण नोकरी गेलेला, पगार थकलेला माणूस आपण निराधार आहोत हे कोणत्या कागदाने सिद्ध करणार?

दर्यावरच्या माणसाची गोष्ट तर फिरून तिथेच आली आहे. २००६ साली खलाशांसाठी एकत्रित आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१३ मध्ये तो अमलात आला, २०१५ मध्ये भारताने मान्य केला. २०१७ पासून त्यात आणखी एक तरतूद लागू झाली. मालकाने परतीचा खर्च दिला नाही, अन्नपाणी तोडलं किंवा दोन महिने पगार थकवला, तर खलाशाला 'सोडून दिलेला' मानायचं, आणि अशा वेळेसाठी विम्याची किंवा तारणाची सोय मालकाने आधीच करून ठेवायची. दोनशे वर्षांच्या अनुभवानंतर लिहिलेलं चांगलं कलम आहे. तरीही अलीकडच्या वर्षांत जगभरच्या बंदरांत असे जे खलाशी सोडून दिले गेले, त्यांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे. लाइमहाउसच्या धक्क्यावर कुडकुडणाऱ्या त्या लास्करांची ही पुढची पिढी.

मग काहीच बदललं नाही का? तसं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. आजोबांच्या वेळी प्रश्न विचारणाऱ्याला तुरुंग होता, आज निदान कलम दाखवता येतं. मजूर संघटनेने अलीकडे स्पष्ट व्याख्या केली आहे, की भरतीच्या खर्चात प्रवास, व्हिसा, वैद्यकीय तपासणी हे सारं येतं आणि त्यातलं काहीही कामगाराच्या माथी मारायचं नाही. कतारमध्ये २०२२च्या विश्वचषकाची मैदानं बांधणाऱ्या काही कंत्राटदारांनी कामगारांना भरतीपोटी गेलेले पैसे परत केले, आणि तेही पावती न मागता. एजंट पावती देत नाही, हे एकदाचं कोणीतरी मान्य केलं!

म्हणून जाणाऱ्याला आणि पाठवणाऱ्या घराला माझं एवढंच सांगणं आहे. एजंटाची सरकारी नोंदणी आहे का ते पाहा. करार आपल्याला कळणाऱ्या भाषेत कुणाकडून तरी वाचून घ्या, आणि त्यात तीन गोष्टी शोधा. जातानाचं तिकीट कोणाचं, रजेवर येतानाचं कोणाचं आणि काम मध्येच सुटलं तर कोणाचं. कराराची एक प्रत घरी ठेवा. विम्याचा कागद घरच्यांना दाखवून ठेवा. पासपोर्ट मालकाने ठेवून घ्यायला बऱ्याच देशांत मनाई आहे, हे माहीत असू द्या. आणि घरात कोणी बी.ए. असेल, तर त्याने कवितेच्या वहीआधी हा कागद वाचावा.

खेडच्या त्या मुलाशी मी फोनवरून बोलत असतो. तिसऱ्या दिवशी तो मला विमानतळावर सोडायला आला, तेव्हा मी भत्त्याचं पाकीट त्याच्या हातात ठेवू लागलो. त्याने घेतलं नाही. "तुमच्या कामाचा हाय ता, चाचा," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "माझ्या कराराचो फोटो पाठवतंय. तेवढा वाचून सांगा."

कराराचा फोटो आला. सात पानं होती. मी ती ओळीवर बोट ठेवून वाचली, आणि पाचव्या पानावर रजेच्या तिकिटाचं कलम सापडलं. ते कंपनीनेच द्यायचं होतं. मी त्याला कलमाचा आकडा कळवला. पुढे त्याने दूतावासात अर्ज दिला, कंपनीशी बोलणं झालं, कापलेल्या पैशांतले निम्मे परत मिळाले. निम्मे अजून बाकी आहेत. ते मागणं त्याने सोडलेलं नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)